जुन्या गाडीची टायमिंग चेन बदलणे: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

टायमिंग चेन म्हणजे पिस्टनांमुळे फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारे कॅम यांना जोडणारी साखळी. नवी चेन बसवली, सेल्फ मारला आणि दुसऱ्याच सेकंदाला व्हॉल्व्ह वाकले. असं इंजिन उघडून पाहिलं तर चेन बहुधा चांगलीच असते. चूक असते ती दोन-तीन दातांची, आणि ती हाताने दोन फेरे फिरवून पाहिलं असतं तर सेल्फ मारण्याआधीच सापडली असती. चेन बसवणं हे या कामातलं छोटं काम आहे. मोठी कामं दोन: उघडण्याआधीची तयारी आणि बंद करण्याआधीची तपासणी. घाई नेमकी या दोन ठिकाणी होते, म्हणून हा लेखही तिथेच जास्त थांबतो.

इथे आडव्या बसवलेल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या, वर दोन कॅम असलेल्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाची पद्धत दिली आहे. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल शेजारी ठेवूनच काम करा. खुणा कुठे आहेत आणि कुठला बोल्ट किती टॉर्कला आवळायचा, हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं असतं.

१. आधी खात्री: चेनच आहे ना, आणि तीच बिघडली आहे ना?

गाडीच्या नावावर जाऊ नका. मारुती ८००, झेन, एस्टीम यांना बेल्ट आहे. वॅगन-आर २०१० च्या आधीची असेल तर बेल्ट, २०१० पासूनच्या के-सीरिज इंजिनाला चेन. पेट्रोल स्विफ्टचंही तसंच: जुन्या १३०० सीसी इंजिनाला बेल्ट, नंतरच्या १२०० सीसीला चेन. पार्ट मागवताना मॉडेल सांगून थांबू नका, इंजिन नंबर द्या.

१.३ लिटर मल्टिजेट डिझेल, म्हणजे जुनी डिझेल स्विफ्ट, रिट्झ, लिनिया, व्हिस्टा क्वाड्राजेट, यांनाही चेनच आहे. पण तिथे क्रँक आणि कॅम लॉक करायच्या खास पिना लागतात. त्या हातात नसतील तर ते इंजिन उघडू नका. रंगाच्या खुणा करून ते काम होत नाही.

चेन सैल झाल्याची लक्षणं अशी. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर पुलीच्या बाजूने दोन-तीन सेकंद खळखळ येते, पुढे ती लांबत जाते आणि शेवटी गरम इंजिनातही राहते. स्कॅनर लावला तर पी००१६ कोड दिसू शकतो, म्हणजे क्रँक आणि कॅम यांची जुळणी हललेली आहे. पण खळखळ ऐकून लगेच चेनचा निष्कर्ष काढू नका. आधी ऑइलची पातळी पाहा, मग फॅनबेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवा. आवाज गेला तर दोष आयडलर, वॉटर पंप किंवा अल्टरनेटरच्या बेअरिंगचा असतो. चार दिवसांचं काम त्यामुळे वाचतं.

२. सामान: सगळं हातात आल्यावरच पाना लावा

फक्त चेन घेऊ नका. चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा), हलता आणि स्थिर असे दोन्ही गाईड (चेन ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या), क्रँकचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) आणि किटमध्ये मिळत असतील तर कॅमची स्प्रॉकेटंही घ्या. जुन्या स्प्रॉकेटचे दात जुन्या, ताणलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात. त्यांवर नवी चेन चढवली की ती लवकर खराब होते. टेन्शनर जुनाच ठेवला तर सकाळची खळखळ महिन्याभरात परत येते आणि दोष नव्या चेनच्या माथी बसतो.

याशिवाय क्रँकचं पुढचं ऑइल सील, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग, प्लगच्या नळ्यांची सीलं, ऑइल फिल्टर, ड्रेन बोल्टचा वॉशर, इंजिनासाठी चालणाऱ्या सिलिकॉनची (सांधे बंद करायच्या लेपाची) एक ट्यूब आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल घ्या. अशा इंजिनात ऑइल साधारण ३ ते ४ लिटर लागतं. एक लिटर जास्तच आणा. क्रँक पुलीचा बोल्ट 'एकदाच वापरायचा' असं मॅन्युअल म्हणत असेल तर तोही नवा.

हत्यारं: गोट्यांचा (सॉकेटचा) पूर्ण सेट, टॉर्क पाना (शक्यतो लहान आणि मोठा असे दोन), पुली पुलर, प्लास्टिकची खरवडणी, दीड ते तीन मिलिमीटरची पोलादी पिन, पांढरा रंग किंवा नेलपॉलिश.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीच्या आठवड्यात हे काम काढू नका. इंजिन उघडं पडलेलं आणि एका सीलसाठी म्हापशाचं किंवा मडगावचं दुकान चार दिवस बंद, अशी वेळ येते.

> तपासणी: जुनी आणि नवी चेन शेजारी टांगून लांबी पाहू नका, जुनी थोडी लांब दिसणारच. दोन्हींच्या कड्या मोजा. एका कडीचा फरक असला तरी पार्ट परत करा.

३. जागा आणि इंजिनाचा आधार

गाडीखाली चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) लावू नका. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून तो सर्रास टेकू म्हणून वापरला जातो. पण एका बिंदूवर वजन आलं की चिऱ्याचा काठ भुगा होऊन सुटतो, पावसाळ्यात भिजलेला तर फारच लवकर. स्टँडच हवेत. अंगण चिऱ्यांचं किंवा मातीचं असेल तर प्रत्येक स्टँडखाली जाड प्लायवूडचा हातभर तुकडा टाका. माडाखाली गाडी उभी करू नका. नारळाचा धोका आहेच, शिवाय वाऱ्यासोबत पडणारा कचरा उघड्या इंजिनात जातो.

आता अनेक जण अडकतात ती जागा. पुलीच्या बाजूचं फाउंडेशन (इंजिन चासीला धरून ठेवणारा आधार) काढावं लागतं, म्हणून इंजिनाला खालून, चेंबरला (तळाच्या ऑइलच्या टाकीला) लाकूड लावून जॅक देतात. पुढे चेंबर काढायची पाळी आली की जॅक काढता येत नाही आणि काम तिथेच थांबतं. बऱ्याच इंजिनांत टायमिंग कव्हर चेंबरवर टेकलेलं असतं, म्हणून आधार पहिल्यापासून वरूनच द्या: दोन्ही मडगार्डांच्या कडांवर बसणारा सपोर्ट बार, किंवा लोखंडी घोड्याला लावलेला चेन-ब्लॉक. कौलारू घराच्या वाशाला चेन-ब्लॉक कधीही लावू नका.

कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनारपट्टीच्या गाडीचे बोल्ट खाऱ्या हवेने धरलेले असतात. आदल्या संध्याकाळी सगळ्या बाहेरच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा आणि सकाळी पुन्हा मारा. अॅल्युमिनियममध्ये अडकलेला ६ एमएमचा बोल्ट जोर लावला की मोडतो. तो आधी आवळायच्या दिशेने किंचित हलवा, 'टक्' असा आवाज आला की मग सोडायच्या दिशेने घ्या, आणि मागे-पुढे करत बाहेर काढा.

४. उघडण्याचा क्रम

बॅटरीचा मायनस आधी काढा. ऑइल काढा. कूलंट फक्त वॉटर पंप किंवा पाइप आड येत असेल तरच. मग कॉइल, प्लग, टॅपेट कव्हर, फॅनबेल्ट, उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिक. प्लग काढायलाच हवेत, नाहीतर इंजिन हाताने फिरवताना कॉम्प्रेशनचा जोर लागतो आणि खुणेवर नेमकं थांबता येत नाही. उघड्या भोकांवर कापड ठेवा. वॉशर आत पडला तर हेड उतरवावं लागतं.

क्रँक पुलीचा बोल्ट या टप्प्यावर सैल करा, चेन उघडी झाल्यावर नाही. फ्लायव्हीलच्या दातांत लॉक लावून ते धरा. पाना चासीला टेकवून सेल्फ मारण्याची युक्ती करू नका. त्यात पाना सुटून मनगट मोडतं आणि इंजिन खुणेवरून कुठेही जातं. पुली तिच्या आट्यांच्या भोकांत पुलर लावून ओढा. कडेला पकडून ओढली तर आतलं रबर सुटतं.

कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढा, भोकं पाडा आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेवर खोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर अॅल्युमिनियम फुटतं, आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन आट्यांवर लटकतो आणि आवळताना आटे घेऊन बाहेर येतो.

कव्हर सिलिकॉनने घट्ट चिकटलेलं असतं. मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या कानाच्या जागीच उचका. मधे पेचकस घालून उचकलं की पडलेल्या चरीतून पुढे कायम ऑइल पाझरत राहतं, सिलिकॉन कितीही लावा.

५. टॉप लावणे, आणि जुनी चेन काढण्याआधीच्या खुणा

इंजिन फक्त क्रँकच्या बोल्टने फिरवा, कॅमच्या बोल्टने कधीच नाही. फिरवायचं ते इंजिनाच्या चालण्याच्या दिशेने. बहुतेक गाड्यांत पुलीकडून पाहता ती घड्याळाची दिशा असते. उलटं फिरवलं तर ताण नसलेली बाजू बदलते आणि सैल चेन दात सोडू शकते. खूण ओलांडली गेली तर मागे येऊ नका, दोन फेरे पुढे फिरवून परत या.

पहिला पिस्टन टॉपला, म्हणजे सर्वांत वर, आला म्हणजे काम झालं असं नाही. तो दर फेऱ्याला टॉपला येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही कॅमचे उंचवटे पाहा. दोन्ही व्हॉल्व्हवर दाब नसेल, उंचवटे बाहेर वळलेले असतील, तर कॉम्प्रेशनचा टॉप. त्याच वेळी चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असण्याच्या बेतात दिसतात. नसेल तर अजून एक फेरा.

आता कारखान्याच्या खुणा जुळल्या आहेत का ते पाहा, आणि जुळल्या असल्या तरी स्वतःच्या पांढऱ्या खुणा करा: प्रत्येक स्प्रॉकेटवर आणि तिच्यासमोर हेडवर किंवा ब्लॉकवर. उजेड टाकून दोन-तीन बाजूंनी फोटो काढा.

> सावध: जुन्या चेनवर कारखान्याच्या खुणा थोड्या सरकलेल्या दिसू शकतात, कारण चेन ताणलेली आहे. नवी चेन बसवताना कारखान्याच्या खुणा धरायच्या. आपली पांढरी खूण फक्त 'चेन काढल्यावर काय हललं' हे कळण्यासाठी.

६. जुनी चेन काढणे

टेन्शनरचा दट्ट्या आत दाबा, भोकात पिन घाला, मग टेन्शनर काढा. दट्ट्या किती बाहेर आला होता ते आधी पाहून ठेवा. जवळजवळ शेवटच्या खाचेपर्यंत आला असेल तर चेन खरंच ताणलेली होती. त्यानंतर हलता गाईड, चेन, स्थिर गाईड या क्रमाने.

क्रँकचं स्प्रॉकेट काढताना त्याची कुठली बाजू बाहेर होती ते लिहून ठेवा. छोटी चावी (स्प्रॉकेट क्रँकवर फिरू नये म्हणून खाचेत बसवलेला धातूचा तुकडा) चिमट्याने धरून काढा. ती चेंबरमध्ये पडली आणि लक्षात आलं नाही, तर पुढचं सगळं काम व्यर्थ.

चेन निघाल्यावर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या दाबाने एखादा कॅम थोडा फिरतो. तो त्याच्या षटकोनी भागाला पाना लावून परत आणता येतो. पण चार-पाच अंशांहून जास्त फिरवायचा असेल तर आधी क्रँक टॉपपासून ९० अंश बाजूला न्या. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या जागी चारही पिस्टन मध्यावर असतात आणि व्हॉल्व्ह कशालाही लागत नाहीत. कॅम जागेवर आणा, मग क्रँक त्याच वाटेने परत टॉपला. तीन सिलिंडरच्या इंजिनाला हा नियम लागू नाही, तिथे मॅन्युअलमध्ये दिलेलीच जागा.

कॅमवर व्हीव्हीटीचं (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारं) युनिट असेल तर त्याचे छोटे बोल्ट उघडू नका. ते त्याच्या विसाव्याच्या जागी लॉक झालेलं आहे ना, एवढंच हाताने फिरवून पाहा.

७. चेंबर आणि जाळी: हे टाळू नका

गाईडचं प्लास्टिक वर्षानुवर्षं ऑइलमध्ये शिजून ठिसूळ होतं आणि तुकडे पडतात. चेंबर उतरवलात की तळाच्या काळ्या गाळात ते सापडतात: तपकिरी, गुळगुळीत, भाजलेल्या चिंचोक्यासारखे. जुने गाईड जुळवून पाहा, किती तुकडा गायब आहे आणि किती सापडला याचा हिशेब लागला पाहिजे. एकच तुकडा ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर चढणीला ऑइलचा दाब कमी पडतो, मग चेन नवी असली तरी बेअरिंग जातं. जाळी काढून डिझेलमध्ये धुवा आणि उजेडात धरून पाहा.

ब्लॉक, हेड, कव्हर, चेंबर यांच्या टेकणाऱ्या कडा प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करा, शेवटी क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा. ग्राइंडरला पॉलिश पेपर लावून घासू नका. त्याची पूड बेअरिंगपर्यंत पोचते. बोल्टच्या भोकांतलं ऑइल हवेने काढा. भरलेल्या भोकात बोल्ट आवळला की ऑइलला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो.

८. नवी चेन

नव्या चेनवर रंगीत कड्या असतात, बहुतेक एक क्रँकसाठी आणि दोन कॅमसाठी. चेन, गाईड आणि स्प्रॉकेटांना इंजिन ऑइल चोपडा. आधी चावी आणि क्रँकचं स्प्रॉकेट, मग स्थिर गाईड. चेन क्रँकवर तिच्या रंगीत कडीवर बसवा आणि स्थिर गाईडच्या बाजूने वर घ्या. ही ओढली जाणारी बाजू आहे, तिथे चेन ताठ हवी. पहिल्या कॅमवर रंगीत कडी खुणेवर, मग दुसऱ्या कॅमवर. सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला उरला पाहिजे. उलट झालं तर टेन्शनर सुटताक्षणी एक कॅम एका दाताने सरकतो.

एक दात म्हणजे किती? कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ दात असतील तर एका दाताला कॅम १० अंश सरकतो, क्रँकच्या हिशेबाने २० अंश. गाडी सुरू होईल, पण ओढणार नाही आणि चेक इंजिनचा दिवा लागेल. दोन-तीन दातांवर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात.

कॅम स्प्रॉकेटचा बोल्ट आवळताना कॅमच्या षटकोनी भागाला पाना लावून धरा. चेनच्या जोरावर धरू नका, नवी चेन आणि नवा गाईड दोघांनाही त्याचा मार बसतो.

हलता गाईड, मग टेन्शनर, बोल्ट टॉर्कला. तिन्ही रंगीत कड्या पुन्हा पाहा. मगच पिन ओढा. पिन न ओढता कव्हर लावणं ही इतकी सामान्य चूक आहे की पिनेला लाल कापडाची चिंधी बांधून ठेवाच.

९. दोन फेरे: या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी

क्रँकचा बोल्ट तात्पुरता घाला आणि इंजिन हाताने, सावकाश, पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. लांब दांडा वापरू नका, मनगटाला काय लागतंय ते कळलं पाहिजे. मऊ, वाढत जाणारा आणि सुटणारा विरोध हा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा. एकदम कडक, धातूला धातू लागल्यासारखा अटकाव आला तर तिथेच थांबा. जोर लावू नका. व्हॉल्व्ह पिस्टनवर टेकला आहे, आणि या क्षणापर्यंत काहीही बिघडलेलं नाही. पुन्हा पायरी ८ वर जा.

दोन फेऱ्यांनंतर क्रँक आणि दोन्ही कॅमच्या खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. रंगीत कड्या मात्र येणार नाहीत, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. समजा क्रँकच्या स्प्रॉकेटला १८ दात आणि चेनला १३० कड्या आहेत. दोन फेऱ्यांत चेन ३६ कड्या पुढे जाते. कड्या आणि खुणा एकाच वेळी परत जुळायला क्रँकचे तब्बल १३० फेरे लागतील. म्हणून कड्या सरकलेल्या पाहून चेन काढू नका. स्प्रॉकेटच्या खुणा बघा.

आणखी दोन फेरे फिरवा आणि पुन्हा पाहा. टेन्शनरच्या बाजूला चेन बोटाने दाबून पाहा, ती ताठ हवी.

१०. बंद करणे

क्रँकचं नवं सील कव्हरमध्ये सपाट, सरळ बसवा आणि ओठाला ऑइल लावा. सिलिकॉनची साधारण ३ मिलिमीटरची अखंड रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या सांध्यावर एक जादा ठिपका. गळती बहुतेक तिथूनच होते. त्याहून जास्त लावू नका. बाहेर दिसतं तेवढंच सिलिकॉन आतही पिळून निघतं, सुटतं आणि पायरी ७ मध्ये धुतलेल्या जाळीवर जाऊन बसतं.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं. त्यामुळे जुलैच्या दमट हवेत त्यावर साय जानेवारीपेक्षा लवकर धरते. आधी बोल्ट, टॉर्क पाना, कव्हर सगळं मांडून घ्या, मग ट्यूब उघडा. साय धरल्यावर कव्हर टेकवलं तर ते चिकटत नाही. तसं झालं तर पुसून पुन्हा सुरुवात करा.

बोल्ट आधी सगळे हाताने, मग मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. ६ एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणून लहान टॉर्क पाना. मोठ्या पान्याच्या अंदाजाने आटे जातात. चेंबर, फाउंडेशन, मग क्रँक पुली. तिचा बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याला, अंश दिले असतील तर अंशांसकट. ऑइल भरण्याआधी ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. रात्रभर ठेवलं तर उत्तमच.

११. पहिली सुरुवात

नवा फिल्टर, ऑइल, कूलंट. प्लग अजून बाहेरच असू द्या. इंजेक्टरचे आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले ठेवा. बॅटरी जोडा, मायनस शेवटी. सेल्फ दहा-दहा सेकंद मारा, मधे अर्धा मिनिट विश्रांती, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. तो भरण्याआधी इंजिन सुरू झालं तर नवी चेन पहिल्याच क्षणी मोकळी फडफडते.

मग प्लग आणि कनेक्टर लावून सुरू करा. पहिले काही सेकंद हलका आवाज आला तरी चालेल. दहा सेकंदांनंतरही खळखळ राहिली किंवा ऑइलचा दिवा विझला नाही, तर लगेच बंद करा. गाडीखाली कोरा पुठ्ठा अंथरून पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा, मग टॉर्च घेऊन पुलीमागे आणि चेंबरच्या कडेला पाहा.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर घ्या. चोर्ला किंवा अनमोड घाट पहिल्या दिवशी नको. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, आत राहिलेली घाण आणि सिलिकॉनचे कण त्यात निघून जातात. त्यानंतर दर हजार किलोमीटरला ऑइलची पट्टी पाहा. चेन बहुतेक उशिरा बदललेल्या आणि कमी पडलेल्या ऑइलनेच झिजते.

काढलेलं ऑइल व्हाळात, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नका. त्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.